अर्विंगचे नाटककंपनीवाले नागपूरकर

प्रफुल्लला रंगमंचाची भीती कधीच वाटली नाही. दोन अंक, सव्वादोन तास, विंगेत प्रॉम्प्टर नाही, समोर चारशे माणसं, आणि हा गडी पाण्याचा घोटही न घेता उभा. त्याला भीती वाटायची ती जेवणाच्या टेबलाची. प्रयोगाच्या आदल्या दिवशी यजमानांच्या घरी पानं मांडली जायची आणि एखाद्या काकू भातावर तूप वाढता वाढता सहज विचारायच्या, "तुम्ही मूळचे कुठले हो?"  त्यापुढचे प्रश्न कोणत्या क्रमानं येणार हे त्याला पाठ होतं.

टेक्सासमधल्या अर्विंग गावी तो एका टेलिफोन कंपनीत प्रोग्रॅमर होता. सोमवार ते शुक्रवार नोकरी, आणि वर्षातले आठ-दहा शनिवार-रविवार नाटक. १९९३ सालापासून चार वर्षांत त्यानं आणि त्याच्या मंडळींनी अमेरिकेतल्या एकोणतीस गावांत एकाच नाटकाचे प्रयोग केले होते. नाटक त्यानंच लिहिलेलं, बसवलेलं, मुख्य भूमिका त्याचीच, आणि विमानाच्या तिकिटांपासून पडद्याच्या दोरीपर्यंत सगळी व्यवस्थाही त्याचीच. सगळं नेपथ्य घडी होऊन आठ सुटकेसमध्ये बसायचं. कोणत्या सुटकेसमध्ये काय, याची यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असे. मराठी मंडळांचे अध्यक्ष त्याला 'नाटककंपनीवाले नागपूरकर' म्हणून ओळखत.

नाटकाचं नाव 'हार्करची कंपनी'. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी एम.एस. करत असताना विद्यापीठाच्या लायब्ररीत त्याला एक धुळकट पुस्तक सापडलं होतं. एडविन हार्कर नावाचा शंभर वर्षांपूर्वीचा एक इंग्रज नट. नटही तोच, मालकही तोच. व्हिक्टोरिया राणीच्या काळात उत्तर इंग्लंडच्या गावोगाव रेल्वेनं कंपनी फिरवायची, गॅसच्या दिव्यांत राजेरजवाडे रंगवायचे, तिथली गावं संपली तेव्हा बोटीत बसून अमेरिकेत यायचं आणि इथल्या खाणींच्या गावांत तेच राजे पुन्हा रंगवायचे. हा हार्कर अनाथ-निराधारांच्या सरकारी कोठीत जन्मलेला. नाव त्यानं एका दुकानाच्या पाटीवरून उचललं होतं, आणि जन्मभर तो सांगत राहिला की आपण एका पाद्र्याचे चिरंजीव. दुसऱ्या अंकात एका प्रयोगाच्या ऐन रंगात त्याला तिसऱ्या रांगेत कोठीतला जुना सोबती बसलेला दिसतो आणि त्याची वाचाच जाते. त्या प्रवेशाला प्रेक्षक श्वास रोखून बसायचे. "काय घाबरता हो तुम्ही! खरं वाटतं अगदी," असं लोक नंतर भेटून सांगायचे. प्रफुल्ल हसून नमस्कार करायचा.

त्याचं खरं आडनाव खोब्रागडे. नागपूरच्या इंदोऱ्यातला जन्म. वडील गिरणीत कामाला, आणि संध्याकाळी वस्तीच्या जलशात डफ घेऊन गाणारे. बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून आणि छोट्या नाटुकल्यांतून सांगणारा तो जलसा. प्रफुल्लनं अभिनयाची अक्षरं तिथेच गिरवली. वडिलांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या आणि त्या मुलांना पाढ्यांसारख्या पाठ करायला लावल्या होत्या; हिंदू देवांची पूजा करणार नाही, ही त्यांतलीच.

'नागपूरकर' हे नाव आलं १९८९ च्या शरदात. स्टेट कॉलेजला चार मराठी मुलं एका अपार्टमेंटमध्ये राहत होती. प्रफुल्लच्या बॅगेतला बाबासाहेबांचा फोटो राजेश नावाच्या रूममेटनं पाहिला. भांडण नाही, वाकडा शब्द नाही. त्या शनिवारी फ्रीजच्या एका कप्प्यावर चिकटपट्टी दिसली, तिच्यावर इंग्रजीत 'प्रफुल्ल' लिहिलेलं. त्याचं ताट आणि पेला सिंकखाली वेगळे ठेवलेले. "सगळ्यांना कन्व्हिनियंट पडतं, यार," राजेश म्हणाला. पट्टी मात्र एकाच कप्प्यावर होती. पुढच्या महिन्यात दिवाळीच्या कार्यक्रमात प्रफुल्लला छोटं काम मिळालं. कार्यक्रमपत्रिका लिहिणाऱ्यानं पूर्ण नाव विचारलं, आणि प्रफुल्लच्या तोंडून निघून गेलं, "नागपूरकर." आपण नागपूरचे, मग यात खोटं ते काय, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पण मराठी माणसाचा कान आडनावावरून घर ठरवतो. लोकांनी आपापलं ठरवून टाकलं. प्रफुल्लनं कुणाचं खोडून काढलं नाही, आणि तिथून भीतीनं त्याच्या घरात मुक्कामच ठोकला.

ऑफिसात खोब्रागडे, मंडळात नागपूरकर. विमानाची तिकिटं तो नेहमी स्वतःच्याच खिशात ठेवायचा, कारण त्यांवर खरं नाव असे. मंडळांना हॉटेल परवडत नसल्यानं नटांची सोय घरोघरी व्हायची. कुणी कुणाकडे राहायचं ती यादीही तोच करायचा आणि स्वतःला एखाद्या एकट्या विद्यार्थ्याच्या सोफ्यावर टाकायचा. विचारलं तर सांगायचा, "मी फार घोरतो. कुटुंबवत्सल माणसांना त्रास नको."

१९९४ मध्ये लग्न झालं. सुजाता वर्ध्याची, शाळेत शिक्षिका होती. अर्विंगच्या घरी तिनं पहिल्याच दिवशी बाबासाहेबांचा फोटो बाहेरच्या खोलीत लावला. पहिल्याच रविवारी नाटकवाले तालमीला येणार म्हणून प्रफुल्लनं तो आत नेला. तिनं विचारलं, "किती वेळा कपाटात घालणार त्यांना?"  फोटो आत-बाहेर होत राहिला.

आता सत्त्याण्णवच्या जूनमध्ये प्रफुल्लचे वडील पहिल्यांदा अमेरिकेला येणार होते. एकवीस जूनला अर्विंगमध्येच प्रयोग होता. त्या प्रयोगाला ते पहिल्या रांगेत बसणार, आणि हातात पत्रिका असणार. या विचारानं एप्रिलपासून त्याची झोप उडाली होती. खरं नाव छापावं तर गावोगावचे अध्यक्ष एकमेकांना फोन करणार, आणि चार वर्षांत जोडलेली गावं एकेक करून गळणार. न छापावं तर वडिलांना काय सांगायचं? त्यावर त्यानं एकच उपाय केला होता. विचार पुढे ढकलायचा.

तशात दहा मेचा प्रयोग आला. नॉर्थ कॅरोलायनातलं मॉरिसव्हिल.

शुक्रवारी संध्याकाळी विमानतळावर मंडळाचे अध्यक्ष शशिकांतकाका स्वतः आले होते. साठीचे, गोरेपान, मोठ्यानं बोलणारे. प्रफुल्लनं यादी पुढे केली. त्यांनी ती घडी करून खिशात घातली.

"यादीबिदी काही नाही. बाकीची मंडळी जातील तिकडे जातील, नागपूरकर आमच्याकडे. अहो, आम्ही नागपूरच्या धंतोलीचे! आमच्या गावचा माणूस सोफ्यावर झोपणार?"

"काका, मी घोरतो फार..."

"घोरा की! आमच्या हिनं तीस वर्षं माझं ऐकलंय."

"तीस नाही, चौतीस," शेजारी उभ्या असलेल्या शरयूकाकू म्हणाल्या.

मंडळी हसली. प्रफुल्लनं सुटकेस पुन्हा एकदा मोजल्या.

घर नवं कोरं होतं. रंगाचा वास अजून गेला नव्हता. जेवणाला मसालेभात होता. काकूंनी तूप वाढलं आणि विचारलं, "तुम्ही नागपुरात महाल भागातले का हो? आमच्या वहिनींच्या माहेराशेजारी होते एक नागपूरकर."

"हो... म्हणजे तिकडचेच."

"विहिरीसमोरचं घर?"

"त्यांच्या... थोडं पुढे." त्यानं पाण्याचा पेला उचलला. पाणी हिंदकळून ताटात सांडलं. काकूंनी पेपर नॅपकिन पुढे केला. त्यांनी आणखी काही विचारायच्या आत काकांनी टेबलावर हात आपटला.

"एक काम आहे. नाही म्हणायचं नाही. परवा रविवारी नव्या घराचा सत्यनारायण आहे. चाळीस माणसं बोलावलीत. आणि गुरुजींनी ऐनवेळी टांग दिली, शार्लटला लग्न लावायला गेले. पोथी आहे, कॅसेट आहे. पण कॅसेटसमोर हात जोडायचे म्हणजे कसंसंच वाटतं. पूजा तुम्ही सांगायची. तुमचा आवाज म्हणजे काय!"

"मला सवय नाही, काका."

"मुंज झालीय ना? मग बास!"

 "बघू," एवढंच तो म्हणाला.

"ठरलं मग!" काका म्हणाले आणि काकूंना म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

शनिवारी सकाळी शाळेच्या ऑडिटोरियममध्ये नेपथ्य लावायला घेतलं, तेव्हा चार वर्षांत पहिल्यांदाच प्रफुल्लनं उजवीकडचा दरवाजा डावीकडे लावला. त्याचा पुण्याचा मित्र रवींद्र, नाटकात हार्करचा कोठीतला सोबती व्हायचा, तो बघत राहिला. अकराच्या सुमाराला काका प्लास्टिकच्या पिशवीत पोथी आणि गडद लाल रंगाचा रेशमी कद घेऊन आले.

"उंचीला होतोय का बघून घ्या. वर काही घालायचं नाही हं, उघड्या अंगानं बसलं की कसं भारदस्त दिसतं. जानवं तर तुमचं असेलच."

ते गेले. प्रफुल्ल हार्करच्या खुर्चीत बसून राहिला. इतकी वर्षं त्याला प्रश्नांची भीती होती. प्रश्नांना बगल देता येते, खोकता येतं, विषय बदलता येतो. पण उघडी छाती खोकत नाही. चाळीस माणसांसमोर ती कोरी दिसणार होती.

"काय रे, चेहरा का असा?" रवींद्र शेजारी येऊन बसला. "पूजेचं टेन्शन? मला सांग, मी वाचतो पोथी. माझे उच्चार भयंकर आहेत, पण देव समजून घेईल."

प्रफुल्लनं त्याला सांगून टाकलं. खाली मान घालून, चार वाक्यांत. खोब्रागडे, इंदोरा, बौद्ध, आणि चिकटपट्टी.

रवींद्रनं हातातला हातोडा खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे तू घोरत नाहीस?"

प्रफुल्लला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही.

"वीणा म्हणाली होती एकदा," रवींद्र म्हणाला. वीणा त्याची बायको, कंपनीचा कपडेपट सांभाळायची. "तुझ्या हातातलं तिकीट तिला दिसलं होतं. मी म्हटलं असेल, आपल्याला काय करायचंय. पण तू सांगायला हवं होतंस यार. चार वर्षं!"

 वीणाला ठाऊक. मग कंपनीतल्या बाकीच्यांना, संग्रामला? हिमानीला? मागच्या वर्षी ज्या अध्यक्षांनी फोन उचलला नव्हता, त्यांना? इतके दिवस आपण अंधारात उभे आहोत असं त्याला वाटत होतं, आणि आता कळत होतं की दिवा बहुधा लागलेलाच होता.

"हे बघ," रवींद्र आवाज खाली करून म्हणाला, "कपडेपटाच्या पेटीत पांढरा दोरा आहे. वीणा पाच मिनिटांत जानवं करून देईल. तू ॲक्टर आहेस. एक तासाचा प्रयोग समज. उद्या दुपारी आपण विमानात. कुणाला काय कळतंय?"

आणि ते सोपं होतं. हीच तर भयंकर गोष्ट होती. पोथी त्यानं वाचली असती, काकांच्या गुरुजींपेक्षा चांगली वाचली असती. बायकांनी वाकून नमस्कार केले असते. मंडळाची गावं शाबूत राहिली असती. प्रफुल्लनं डोळे मिटले तर त्याला छातीवर दोरा घातलेला स्वतःचा फोटो दिसला. कुणीतरी काढलेला, मंडळाच्या अंकात छापलेला, जूनमध्ये वडिलांच्या हातात पडलेला.

शाळेच्या कॉरिडॉरमधल्या फोनवरून त्यानं सुजाताला फोन लावला.

"घाला की जानवं," ती सगळं ऐकून म्हणाली. "फोटोही काढून आणा एक. जूनमध्ये मामाजी आले की दाखवू त्यांना."

"सुजाता, मस्करी नको."

"मस्करी मी करतेय का?" मग तिनं विचारलं, "घाबरलात?"

"खूप."

"मलाही भीती वाटते. दारावर बेल वाजली की फोटो उचलायला मी धावते. तीन वर्षं झाली. मला ते नकोय आता." तिनं पुढे काही सांगितलं नाही, काय करा तेही नाही.

दुपारी चार वाजता काका मेकअपच्या खोलीत चहा घेऊन आले. प्रफुल्लच्या अर्ध्या चेहऱ्याला रंग लागला होता. तो उठून उभा राहिला.

"काका, उद्याची पूजा मी सांगू शकणार नाही."

"का हो? कद आखूड पडला?"

"माझं आडनाव नागपूरकर नाही. खोब्रागडे. आम्ही बौद्ध आहोत."

इतकी वर्षं अडवून ठेवलेली वाक्यं बाहेर पडायला दहा सेकंदही लागली नाहीत. काका चहाच्या कपाकडे बघत होते.

"असं, असं," ते म्हणाले. "अहो, आम्ही असलं काही मानत नाही." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "नाहीच मानत." बोलता बोलता त्यांनी खुर्चीवरचा कद उचलला, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवून पिशवी काखेत धरली. "पण आधी सांगायला हवं होतं तुम्ही. काल तुम्हाला देवाच्या खोलीतच झोपवलं आम्ही. म्हणजे, तसं काही नाही म्हणा..."

 टेबलाचा कोपरा धरून तो उभा राहिला.

"शेवटी ओळख करून देताना नाव काय सांगू?" काकांनी विचारलं.

"खोब्रागडे."

"पत्रिकेत तर नागपूरकर छापलंय."

"हो. ते चुकलंय."

त्या संध्याकाळी प्रफुल्लला पहिल्यांदा रंगमंचाची भीती वाटली. दुसऱ्या अंकात हार्कर तिसऱ्या रांगेकडे बघतो, तेव्हा प्रफुल्लनंही बघितलं. एरवी त्याला तिथे कुणीच दिसत नसे. आज दोन डोकी एकमेकांकडे झुकलेली दिसली. तो पुढचं वाक्य विसरला. रवींद्रनं विंगेतून दोन पावलं पुढे येऊन स्वतःच्या वाक्यात त्याचं वाक्य गुंफून पुढे ढकललं, आणि नाटक सुरू राहिलं. प्रेक्षकांना तो अभिनयच वाटला.

पडदा पडल्यावर काकांनी एकेकाची ओळख करून दिली. "...आणि लेखक, दिग्दर्शक, आपले लाडके... श्री. प्रफुल्ल," इथे ते थांबले, चष्मा वर सरकवला, "खोब्रागडे." टाळ्या पडल्या. इतरांपेक्षा कमी पडल्या की तेवढ्याच, हे त्याला ठरवता येईना. दिव्यांच्या झोतात चेहरे दिसत नव्हते. यापुढे प्रत्येक कुजबुज आपल्याचबद्दल वाटणार, हे त्याला त्या क्षणी कळून चुकलं.

हॉलबाहेर काकांच्या गाडीच्या डिकीतून त्याची बॅग आधीच बाहेर काढलेली होती. "रवींद्रबरोबर सोय केलीय तुमची. तुम्हाला सोबत होईल," काका म्हणाले. बॅग कुणी भरली होती कोण जाणे. कपडे अगदी नीट घडी केलेले होते.

रविवारी साडेअकराला ते सगळे विमानतळावर जायच्या तयारीत असताना शरयूकाकू आल्या. एकट्याच, गाडी चालवत. नऊवारी सोडून साधी साडी नेसलेल्या. हातात स्टीलचा डबा.

"पूजा यांनीच सांगितली. तीन ठिकाणी अडखळले," त्या म्हणाल्या. मग डबा पुढे केला. प्रफुल्लनं हात पुढे केला नाही. प्रसाद घ्यावा की नाही, आणि नाही घेतला तर काय होईल, त्याला सुचेना.

काकूंच्या ते लक्षात आलं असावं. "नुसता शिरा म्हणून खा," त्या म्हणाल्या. "केळं घातलंय भरपूर. आणि... बॅग मी भरली. भरायला नको होती." एवढं बोलून त्या वळल्या आणि गाडीत बसल्या. डबा परत पाठवा, असंही म्हणाल्या नाहीत.

विमानतळावर आठही सुटकेस दिल्या गेल्या. संग्राम, कंपनीतला सगळ्यात बडबडा नट, आज दोन खुर्च्या सोडून पेपर वाचत बसला होता. तो नेहमीच पेपर वाचत असे की आजच, हे प्रफुल्लला आठवेना. शिऱ्याचा डबा वीणानं उघडला आणि सगळ्यांना वाटला. संग्रामनंही घेतला.

"उल्हासराव जूनच्या प्रयोगाची पत्रिका आज छापायला देतायत ना?" रवींद्रनं विचारलं. उल्हासराव अर्विंगच्या मंडळाचे अध्यक्ष. प्रफुल्लच्या घरापासून तीन सिग्नलवर राहणारे, दर शुक्रवारी किराणा दुकानात भेटणारे. "पाहिजे तर मी करतो फोन. सांगतो, प्रिंटिंग मिस्टेक आहे म्हणून."

"नको. मीच करतो."

मॉरिसव्हिल हजार-बाराशे मैल लांब राहिलं असतं, कधी परत न आलं तरी चाललं असतं. अर्विंगमध्ये मात्र त्याला राहायचं होतं. सुजाताला राहायचं होतं. प्रफुल्ल भिंतीवरच्या फोनपाशी गेला. कार्डावरचा लांबलचक आकडा दाबताना त्याचं बोट दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा घंटा वाजली. उचलू नये, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"हॅलो, उल्हास बोलतोय. कोण?"

"नमस्कार. पत्रिकेत एक बदल करायचाय. मी प्रफुल्ल खोब्रागडे बोलतोय."

तिकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग तो कुणीतरी बंद केला.

"कोण?" उल्हासरावांनी पुन्हा विचारलं.

प्रफुल्लनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि नाव पुन्हा सांगितलं. या वेळी जरा मोठ्यानं. पेपर वाचत बसलेल्या संग्रामला ऐकू जाईल इतकं.